उजवा खुबा, पान एकेचाळीस

३ मार्च, मंगळवार

चि. सुतळी,

यापुढे ‘अनेक आशीर्वाद’ लिहायची रीत आहे. ती जागा सध्या मोकळी ठेवली आहे.

तुझं पत्र शनिवारी पोचलं. सहा वर्षांनी आलं आणि साडेनऊ ओळींचं आलं. वर ‘बाबा’ नाही, ‘नमस्कार’ आहे. नळ बंद पडल्याची तक्रार लिहितात तसा. मजकूर असा, की उजवा कुल्ला आणि खुबा चौदा महिने दुखतो आहे, बसवत नाही, जिना चढताना पाय धरतो, २३ तारखेला शस्त्रक्रियेआधीची मोठ्या डॉक्टरांची शेवटची तपासणी आहे आणि त्यांना तुझ्या लहानपणच्या नोंदी हव्या आहेत. ‘सांधा जन्मतः सैल होता की नंतर ओढून सैल झाला, हे कळल्याशिवाय आतले टाके किती घट्ट घ्यायचे ते ठरत नाही. अंदाज चुकला तर आयुष्यभर काठी.’ हे वाक्य त्यांचंच असणार. तू एका दमात एवढं कधी बोलली नाहीस.

म्हणजे मोठ्या डॉक्टरांना माझी वही हवी. ज्या माणसाला त्यांच्याच इस्पितळाच्या फाटकावरच्या शिपायानं ‘मालिशवाले मागच्या दारानं’ असं सांगितलं होतं, त्याची. हे पत्र त्यांना वाचून दाखव. तू वगळशील म्हणून ओळखही मीच लिहून देतो.

मी अठरा वर्षं बुटांच्या कारखान्यात कातडी निवडली. पाठीकडचं कातडं घट्ट, पोटाकडचं ढिलं. दोन अंगठ्यांत धरून हलकं ओढायचं आणि ते कुठे थांबतं ते बघायचं, एवढंच काम. दिवसाला चारशे कातडी. कातडं झटक्यानं ओढलं तर फाटतं, हळू ओढून धरून ठेवलं तर वाढतं, आणि एकदा वाढलं की परत येत नाही. हे मी कोणत्याही कॉलेजात न जाता शिकलो. पुढे कारखान्यातल्यांच्या पाठी, कंबरा, गुडघे बघायला लागलो तेव्हा कळलं की आतलं माणूसही त्याच मालाचं आहे. मग शरीररचनेचा एक जाडा ग्रंथ, मुखपृष्ठ नसलेला, शब्दकोश शेजारी ठेवून चार वर्षांत संपवला. माझ्या खोलीत आजवर सहा हजार दोनशे माणसं झोपून गेली आहेत, आणि प्रत्येकाचा सांधा कुठे थांबतो ते माझ्याकडे लिहिलेलं आहे. हाडाचा थांबा, चामड्याचा थांबा, दुखण्याचा थांबा. शब्द माझे आहेत. डॉक्टरांना आवडले तर वापरू देत.

वही मिळणार नाही. वही खोलीची आहे, खोली माझी आहे. पण तुझं दुखणं मी तपासीन. पत्रानं. खालची उत्तरं लिहून पाठव.

दुखतं ते एका बोटानं दाखवता येतं का? बोटाऐवजी पंजा लागत असेल तर पंजा कसा पडतो ते लिही. उताणी झोपून उजवा गुडघा छातीशी आण आणि पाऊल बाहेर ने; कुठे कळ येते? नुसत्या उजव्या पायावर उभी राहा, आरशात बघ, डावी कंबर खाली घसरते का? खुर्चीत बसल्यावर किती मिनिटांनी बूड हलवावंसं वाटतं? ‘थोड्या वेळानं’ असं लिहू नकोस. घड्याळ लावून मिनिटं लिही.

माझं मत आधीच सांगून ठेवतो. कुल्ल्यातला खोल स्नायू आखडला आहे, बाकी काही नाही. कोपर लावून दहा मिनिटांत सोडवण्याची गोष्ट. कचेरीत बसून नकाशे काढणाऱ्यांचं हे ठरलेलं दुखणं. सुऱ्या हातात असलेल्यांना सगळीकडे कापायचंच दिसतं.

तुझे वडील
(ही नोंद खोडता येत नाही.)


९ मार्च, सोमवार

चि. सुतळी,

उत्तरं परवा आली. चित्रासकट.

चित्र चांगलं आहे. पुढून, मागून, बाजूनं, तीन आकृत्या. दुखरी जागा तिरप्या रेघांनी, बधिर जागा ठिपक्यांनी, खाली कोपऱ्यात खुणांची यादी. हा नेटकेपणा तुझ्या आईकडचा नाही. ती वाण्याची यादीसुद्धा तिरकी लिहिते. तो कुठून आला हे तुला माहीत आहे, आणि सहा वर्षं त्याच्यावर पगार घेतेस.

आता उत्तरांबद्दल. बसल्यावर एकोणीस मिनिटं. ठीक. डावी कंबर घसरते, अंदाजे दोन बोटं. ‘अंदाजे’ हा शब्द माझ्या घरात वाढलेल्या मुलीनं लिहावा याची लाज वाटली. गुडघा छातीशी आणून पाऊल बाहेर नेल्यावर कळ जांघेत. जांघेत तू तिरप्या रेघा इतक्या दाट मारल्या आहेस की कागद मागून फुगला आहे. आणि पंजा. पंजाचं तू वेगळं चित्र काढलंस. अंगठा मागे कुल्ल्यावर, बोटं पुढे जांघेत, मधे खुबा, एखादा पेला उचलावा तसा धरलेला.

बोट म्हणजे स्नायू, पंजा म्हणजे सांधा. हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना पहिल्याच वर्षी शिकवायचो.

पण एक चित्र म्हणजे तपासणी नव्हे. माणूस दुखण्याबद्दल खोटं बोलतो, स्वतःशीसुद्धा. तुला सवय आहे. शाळेत कवायत नको म्हणून गुडघा धरून बसायचीस. तुझ्या आईनं चित्र पाहिलं आणि विचारलं, ‘हे काय, एवढं काळं कशाला केलंय?’ मी म्हटलं, ‘शाई जास्त झाली.’ ती म्हणाली, ‘पेन्सिल आहे ही.’ डोळे अजून चांगले आहेत तिचे.

रात्री कुशीवर झोपता येत नाही, दोन गुडघ्यांमधे उशी लागते, असं शेवटी लिहिलं आहेस. मी ते विचारलं नव्हतं. न विचारलेलं सांगणं म्हणजे दया मागणं. माझ्या खोलीत दया मिळत नाही. तिथे लोक बरे होतात.

तुझ्या डॉक्टरांना सांग, आधी हातानं बघा. यंत्रानं तुझे किती फोटो काढले? आणि त्या डॉक्टरांतल्या एकानं तरी डोळे मिटून तुझा पाय हातात धरून फिरवला का? तू बारा वर्षं चार महिन्यांची असताना मी तुझा पाय

हे वाक्य सोडतो. वहीचं विचारू नकोस.

तुझे वडील


१४ मार्च, शनिवार

सुतळी,

वही नाही.

कसरीनं खाल्ली. खालच्या फळीवर ओल आली होती, तिथल्या सात वह्या गेल्या, तुझी त्यांत. डॉक्टरांना तसं कळव. जन्मतः सैल, असं माझ्या नावानं लिहून घेतलं तरी चालेल. तेवढं मी तोंडी सांगतो. तुझ्या आजीचीही बोटं मागे वळायची.

तुझे वडील


१८ मार्च, बुधवार

सुतळी,

‘आई म्हणते वह्या वरच्या फळीवर आहेत, कोरड्या आहेत, आणि गेल्या महिन्यात तुम्हीच त्यांना नवीन पुठ्ठे घातले.’ काल तुझी ही एक ओळ आली. एकच. एवढ्यासाठी पाकीट वाया घालवलंस.

तर घरात हेर आहे. कधीपासून तुला पत्रं जातात? मी तिला विचारलं. ती पोळ्या लाटत होती, वर न बघता म्हणाली, ‘सहा वर्षं.’ म्हणजे तू गेलीस त्याच आठवड्यापासून. आणि मी समजत होतो की ती कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी पाय मोकळे करायला जाते.

नंतर तीच म्हणाली, ‘तिला खोटं का लिहिलंत?’

मी म्हटलं, ‘वही माझी आहे.’

‘आणि खुबा?’

एकवीस वर्षं माझं अंथरूण बैठकीच्या खोलीत आहे, तिचं आत, आणि एवढं तिखट ती आजवर बोलली नव्हती.

तुम्ही दोघींनी मिळून मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंच आहे, तर तू गेलीस त्याच्या आधीच्या त्या रविवारचं मी लिहितो. तू लिहिशील तर तुझ्या बाजूनं लिहिशील.

रविवारी दहाला लोक यायचे. त्या दिवशी त्रेचाळीस होते. धावणारे, नाटकात कामं करणारे, दोन पदवीवाले, ते पाठीमागे बसून टिपणं काढत होते. तू चटईवर. तू म्हणजे माझा नमुना. नमुना नसेल तर माणसाचं कातडं किती वाढू शकतं ते लोकांना दाखवायचं कशावर? पुस्तकात नऊ गुणांची परीक्षा आहे: दोन्ही करंगळ्या मागे, दोन्ही अंगठे मनगटाला, दोन्ही कोपरं उलटी, दोन्ही गुडघे उलटे, आणि वाकून तळहात जमिनीला. नऊपैकी नऊ मिळालेलं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. लोक टाळ्या वाजवायचे आणि तू हसायचीस. हसायचीस की नाही? तेव्हा कोणी जबरदस्ती केली नव्हती.

त्या दिवशी मी उजवा पाय डोक्याच्या मागे नेला, नेहमीसारखाच, आणि आत वळवून धरला. आवाज झाला. ओली काठी मोडावी तसा. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं ‘अगं बाई!’ म्हणून तोंडावर हात घेतला. मी सांगितलं, ‘सांध्यातली हवा. घाबरू नका.’ तू हळूच म्हणालीस, ‘बाबा, पुरे.’

मी लोकांना म्हणालो, ‘बघा, आमचा नमुना बोलतोसुद्धा.’

हशा झाला. मी पाय सोडला नाही. प्रयोग अकरा मिनिटं बाकी होता, तो पूर्ण केला. अर्धा सोडलेला प्रयोग म्हणजे जादूचे खेळ. तू रडली नाहीस. ज्याला खरोखर दुखतं तो रडतो, हे मी त्या वेळी धरून चाललो आणि आजही धरून चालतो. उठून, कपडे झटकून, लंगडत पाणी प्यायला आत गेलीस. पुढच्या शनिवारी तुझी खोली रिकामी होती. उशीवर चिठ्ठी नाही, काही नाही. नमुना नसल्यामुळे दुसऱ्या दिवशी लोकांना परत पाठवावं लागलं. फाटकाशी उभं राहून त्रेचाळीसजणांना मी काय सांगितलं असेल, याचा विचार कधी केलास का?

वही मिळणार नाही.

तुझे वडील


२१ मार्च, शनिवार

चि. सुतळी,

(आशीर्वादाची जागा तशीच आहे.)

बुधवारचं पत्र पेटीत टाकल्यापासून तीन दिवस मी पान एकेचाळीस काढून टाकायच्या खटपटीत होतो. तुला हे कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. नोंद अर्धी ठेवायची मला सवय नाही.

गुरुवारी रापी घेऊन बसलो. कारखान्यातली जुनी, कातडं कापायची. पान शिवणीपाशी धरलं. पण वहीच्या पानांना आकडे आहेत, आणि एकेचाळीसच्या पाठीवर बेचाळीस आहे. त्यावर एका सुताराचा खांदा आहे, नऊ आठवड्यांत पूर्ण बरा केलेला. ते पान गेलं तर तो खांदा कोणी बरा केला? रापी ठेवून दिली.

काल नवीन वही आणली, तसल्याच रेघांची. शाई त्याच निळ्या रंगाची मिळाली. एक ते चाळीस पानं जशीच्या तशी उतरवली, एकेचाळीसवर आलो आणि लिहिलं: ‘उजवा खुबा. चामड्याचा थांबा. इतरांसारखाच.’ मग कागद जुना दिसावा म्हणून चहाचं पाणी फिरवलं, वाळवलं आणि वाचायला घेतलं.

वाचून अंगाचा तिळपापड झाला. हा कोण माणूस? बारा वर्षांच्या पोरीचा खुबा दोन्ही हातांत धरूनही ज्याला काही कळलं नाही असा कोणी मालिशवाला. मागच्या दारानं जावं अशा लायकीचा. तुझ्या डॉक्टरांनी ते पान बघितलं असतं, चष्मा काढला असता आणि म्हणाले असते, ‘बिचाऱ्याला समजलं नाही.’ बिचारा! नवीन वही मी पाणी तापवायच्या चुलीत घातली. तुझी आई शेजारी उभी होती, तिनं चिमट्यानं कोपरे आत ढकलले.

खरं पान असं आहे. डॉक्टरांना अक्षर लागलं नाही तर म्हणून इथेही देतो.

‘वय बारा वर्षं चार महिने. नऊपैकी नऊ. डावा खुबा: चामड्याचा थांबा, उशिरा पण आहे. उजवा खुबा: आत वळवताना थांबा नाही. तीनदा बघितलं. हात मोकळ्यात जातो. खोबण उथळ असावी. उजव्या कुल्ल्यातला खोल स्नायू दगडासारखा घट्ट. हा घट्टपणा आजार नव्हे, राखण आहे. आतली दोरी ढिली म्हणून तो एकटा सांधा धरून बसला आहे. सोडवू नये. ओढू नये. मोठेपणी खुबा झिजेल.’

त्याखाली, एक ओळ सोडून:

‘रविवारी दाखवणे.’

पुढची पानंही बघायला सांग. दर शनिवारची नोंद आहे: ‘कुल्ला घट्ट. कोपर, वीस मिनिटं. सोडवला.’ सोडवल्याशिवाय रविवारी पाय मागे जात नव्हता. राखणदाराला दर शनिवारी झोपवायचं आणि दर रविवारी घर उघडं दाखवायचं, असे तीनशे एकोणीस रविवार. एकवीस तुझ्या परीक्षांमुळे बुडाले. दर महिन्याला अंशांत मोजमाप आहे. सांधा कुठून कुठवर गेला, ते कोणत्याही यंत्रानं सांगता येणार नाही इतकं स्वच्छ लिहिलं आहे.

म्हणजे तुझ्या डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर ‘दोन्ही’. जन्मतः सैल होता आणि नंतर ओढून सैल झाला. मी पहिल्या पत्रात ‘स्नायू आखडला आहे’ असं लिहिलं तेव्हाही मला हे माहीत होतं. तू पंजाचं चित्र काढलंस तेव्हा तर वही उघडायचीसुद्धा गरज नव्हती.

यावर ते मला कसाई म्हणोत. नालायक म्हणोत. अडाणी म्हणता यायचं नाही. त्यांच्या यंत्राला जे आत्ता दिसलं ते मी तेरा वर्षांपूर्वी नुसत्या हातांनी, डोळे मिटून बघितलं होतं, आणि तारीख घालून ठेवलं होतं. हे त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. त्यांचे शिकाऊ आसपास असतील तर त्यांच्यासमोर.

आणखी एक गोष्ट, ही टाके घालणाऱ्यासाठी. तिचं कातडं पोटाकडचं आहे. टाका काठाजवळ घेतलात तर दोऱ्यासकट फाटून येईल. काठापासून लांब घ्या, दुहेरी घ्या, आणि बरोबर वाटेल त्यापेक्षा जरा घट्ट ओढा, कारण ते पुढे वाढणारच आहे. नंतर कोणी ‘कुल्ला आखडलाय, सोडवून देतो’ म्हणाला तर त्याला हात लावू देऊ नका. कोणालाही.

वही टपालानं पाठवत नाही, गहाळ होईल. उद्या सकाळच्या सातच्या गाडीनं तुझी आई घेऊन निघते आहे. संध्याकाळी तुझ्याकडे पोचेल. हे पत्रही तिच्याजवळच देतो आहे.

पान एकेचाळीस तिनं काल वाचलं. चूल विझल्यावर, उभ्यानंच. दोनदा वाचलं. मग एवढंच विचारलं, ‘हे वरचं आणि खालचं, दोन्ही एकाच दिवशी लिहिलंत?’

मी म्हटलं, ‘हो. शाई बघ ना, एकच आहे.’

‘तिच्या दुखण्याचं विचारायची मी, तेव्हा म्हणायचात, उपचार चालू आहे.’

‘चालूच होता.’

तिनं वही मिटली. कपाट आवरायला घेतलं. मी सांगितलं, दोन दिवसांचं काम आहे, वही द्यायची आणि यायचं. तिनं मोठी पिशवी काढली. एका वहीला एवढी पिशवी कशाला, म्हटलं, तर म्हणाली, ‘लागेल.’ पिशवीत काय आहे ते मी बघितलं आहे, लिहून ठेवतो: साड्या अकरा, जादा चष्मा, हिवाळ्याची शाल, शिवणाची कात्री, तुझा लहानपणीचा चांदीचा चमचा, औषधांचा डबा सबंध, आणि सगळ्यांत वर वही, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली. मार्च महिन्यात शाल कशाला लागते ते तिलाच माहीत. बायकांना सामान आवरायचं कळत नाही. गॅसचा खटका कसा बंद करायचा, दूधवाल्याला किती सांगायचं, हे सगळं तिनं मला आज दुपारी तीन वेळा समजावलं. दोन दिवसांसाठी.

वही मिळाल्याची पोच लिहून दे. पानं मोजून घे, एकशे ब्याण्णव आहेत. पोच टपालात टाकू नकोस, आईबरोबर परत पाठव.

तुझे वडील